कानाखालची सूज आणि न थांबणारी पेशींची वाढ

प्रश्न : माझ्या सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. सांधेदुखी जुनीच. गेल्या दोन-तीन वर्षांत तोंड इतकं कोरडं पडतं की भाकरीचा घास पाण्याशिवाय जात नाही. 'घास उतरतच नही' हे त्यांचं रोजचंच. डोळ्यांत सारखी वाळू गेल्यासारखं वाटतं म्हणतात. यंदा दोन्ही कानांखाली सूज आली. आम्हाला वाटलं गालगुंड झालं. उजवीकडची उतरली, डावीकडची पाच महिने झाले तरी तशीच आहे. डॉक्टरांनी रक्त तपासून 'शोग्रेन' असं आजाराचं नाव सांगितलं आणि 'ग्रंथीत पांढऱ्या पेशी वाढल्यात, तुकडा काढून तपासू' म्हणाले. रोगाशी लढणाऱ्या पेशी वाढल्या तर माणूस उलट धडधाकट व्हायला हवा ना? ही वाढ म्हणजे कॅन्सरच का? घरात सगळे हादरलेत आणि सासूबाई 'तुकडा काढला की पसरतं' म्हणून तयार होत नाहीत. आमच्या खाण्यापिण्यात काही चुकलं का? मुलींनाही होईल का?
– एक वाचक, पिंप्राळा, जळगाव

उत्तर : ताई, सगळ्यात तातडीचं आधी सांगते. तुकडा काढल्याने आजार पसरत नाही. ही भीती खानदेशातच नाही, महाराष्ट्रभर आहे, आणि तिच्यापायी लोक महिनेच्या महिने घालवतात. पाच महिने एकाच बाजूला टिकून राहिलेली सूज पाहून डॉक्टरांनी जे सुचवलं, तेच करायला हवं. सासूबाईंना कॅन्सर आहे असा याचा अर्थ नाही. शोग्रेनच्या बहुतेक रुग्णांना तो आयुष्यात कधीच होत नाही. पण काहींना होतो, आणि ते काही कोण हे बाहेरून चाचपून ठरत नाही. म्हणून तपासणी.

आता तुमचा मूळ प्रश्न. प्रतिकार करणाऱ्या पेशी वाढल्या तर बिघडलं कुठे? या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात वैद्यकशास्त्राची साठ-सत्तर वर्षं गेली आहेत.

आपल्या रक्तात आणि लसिका ग्रंथींमध्ये लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांत टी आणि बी असे दोन मोठे गट. प्रत्येक बी-पेशीच्या अंगावर एकाच विशिष्ट आकाराचा ग्राहक असतो, म्हणजे ती एखाद्याच जंतूचा एखादाच भाग ओळखते. तो जंतू शरीरात आला की नेमकी ती पेशी जागी होते आणि दिवसातून दोन-तीनदा दुभंगत जाते. आठवडाभरात एकीच्या हजारो होतात. सर्दी-तापात गळ्याला गाठी येतात त्या यामुळेच. त्या वेळी तुमच्या शरीरात पेशींची प्रचंड वाढ चाललेली असते आणि ती अगदी निरोगी असते.

पण जंतू संपला की या वाढलेल्या पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मरतात, आणि मरायलाच हव्यात. तुमच्याकडे केळीच्या बागेत बुंध्याशी पिलं फुटतात. फुटू द्यायचं एखादं, बाकीची वेळच्या वेळी कापायची; नाही कापली तर घड पोसत नाही आणि बाग नुसतीच दाट होते. प्रतिकारशक्तीचंही आरोग्य फुटण्यात जेवढं आहे तेवढंच कापण्यात आहे. तुमच्या सासूबाईंच्या लाळग्रंथीत पेशी फुटताहेत, कापणी मात्र मागे पडली आहे.

ही कापणी कशी होते, हे एका दुर्मीळ आजाराने शिकवलं. काही मुलांच्या लसिका ग्रंथी आणि प्लीहा लहानपणापासून सुजलेल्या असतात, आणि त्यांचं शरीर स्वतःच्याच रक्तपेशी फोडत असतं. १९९५ मध्ये उलगडा झाला की यांतल्या बऱ्याच मुलांमध्ये 'फास' नावाचं जनुक बिघडलेलं असतं. लिम्फोसाइटच्या अंगावरच्या फास या प्रथिनातूनच तिला 'काम झालं, आता मर' असा निरोप मिळतो. निरोप पोचत नाही, पेशी मरत नाहीत, साठत जातात, आणि साठलेल्यांतल्या काही स्वतःच्याच शरीरावर उठतात. इथे वाढ न थांबणं आणि शरीराने स्वतःवर उलटणं ही एकाच बिघाडाची दोन तोंडं आहेत. अशा जन्मजात प्रतिकारदोषांचं निदान आपल्याकडे परळला केईएमच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत होतं. सासूबाईंना हा आजार नाही. मात्र शोग्रेन समजायला तो उपयोगी आहे, म्हणून सांगितला.

शोग्रेनकडे वळू. हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनचे डोळ्यांचे डॉक्टर. १९३३ मध्ये त्यांनी आपल्या प्रबंधात कोरड्या डोळ्यांच्या १९ स्त्रियांची नोंद केली. त्यांतल्या १३ जणींना सांधेदुखीही होती. म्हणजे सासूबाईंची जुनी सांधेदुखी, डोळ्यांतली वाळू आणि न उतरणारा घास या तीन वेगवेगळ्या तक्रारी नाहीत, एकाच आजाराच्या आहेत. हा आजार दर दहा रुग्णांत नऊ स्त्रियांना होतो, बहुतेकींना चाळिशी ते साठीच्या दरम्यान. याच वयात रजोनिवृत्ती असते, त्यामुळे कोरडेपणा 'वयामुळे' म्हणून सोडून दिला जातो. जळगावच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे जात असताना, कोणाचं तोंड कोरडं पडत नाही, असंही म्हटलं जातं. मला हे फार खटकतं. उन्हाने पडलेली कोरड पाणी प्यायलं, सावलीत बसलं की जाते. तीन महिन्यांहून जास्त रोज टिकणारी, रात्री पाण्यासाठी झोपेतून उठवणारी कोरड ही तक्रार म्हणूनच ऐकून घ्यायला हवी.

सांध्यांचे असे आजार ग्रामीण महाराष्ट्रात किती, हे मोजण्याचं एक मोलाचं काम पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला झालं. १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारातल्या कॉपकॉर्ड कार्यक्रमाखाली तिथे घरोघर पाहणी केली. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात, प्रौढांमध्ये सुमारे अर्धा टक्का आढळला. दोनशे माणसांमागे एक. तुमच्या गल्लीतही एखादा असणारच. आमवाताच्या रुग्णांपैकी काहींना पुढे शोग्रेनचाही त्रास सुरू होतो.

ग्रंथीत नेमकं काय चालतं ते पाहायचं तर खालच्या ओठाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. ही तपासणी सासूबाईंची कदाचित झालीही असेल. ओठाच्या आतल्या बाजूला भूल देऊन छोटा छेद घेतात आणि दोन-तीन मिलिमीटरच्या चार-पाच लाळग्रंथी काढतात. काचपट्टीवर निरोगी ग्रंथी फिक्या गुलाबी दिसतात, लाळ तयार करणाऱ्या पेशींचे नीट गोल गुच्छ आणि मधून जाणाऱ्या बारीक नळ्या. शोग्रेनमध्ये त्या नळ्यांभोवती गडद निळ्या-जांभळ्या ठिपक्यांचा घोळका जमलेला असतो. प्रत्येक ठिपका एक लिम्फोसाइट. पॅथॉलॉजिस्ट ते मोजतात. ५० किंवा जास्त पेशींचा एक घोळका, आणि असा किमान एक घोळका दर ४ चौरस मिलिमीटरला, असं गणित आहे. घोळका वाढतो तसे गुलाबी गुच्छ नाहीसे होत जातात, आणि लाळ आटते ती इथे.

या घोळक्यात सुरुवातीला टी-पेशी जास्त असतात. आजार जुना होतो तशा बी-पेशी वाढतात. त्यांना जगवणारं एक प्रथिन आहे, बाफ नावाचं, १९९९ मध्ये सापडलेलं. ते बी-पेशींना मरू देत नाही. शोग्रेनच्या रुग्णांमध्ये हे प्रमाणाबाहेर आढळतं, आणि उंदरांमध्ये मुद्दाम वाढवलं तर त्यांच्याही लाळग्रंथी अशाच पेशींनी भरतात. सुजलेल्या ग्रंथीत कधीकधी तर लसिका ग्रंथीची अख्खी रचनाच उभी राहते. लाळ करायच्या जागी बी-पेशींची शाळा भरते म्हणा ना!

आणि धोका आहे तो इथे. बी-पेशी दुभंगताना स्वतःचं एक जनुक मुद्दाम बदलत असते. आणखी नेमकं प्रतिपिंड बनवता यावं म्हणून निसर्गाने तिला दिलेली ही मुभा आहे. शरीरातल्या इतर जनुकांच्या तुलनेत इथे बदलाचा वेग सुमारे दहा लाख पट असतो. बदल चुकून दुसऱ्याच, वाढीवर लगाम ठेवणाऱ्या जनुकात झाला तर? एखाद-दुसऱ्या वेळी काही होत नाही. पण जंतू नाही, तरी चिथावणी आहे आणि दुभंगणं वर्षानुवर्षं थांबतच नाही, अशा ठिकाणी चुका साठत जातात. एखाद्या पेशीत त्या पुरेशा साठल्या की ती कोणाचं ऐकेनाशी होते. तिच्या वंशजांनी ग्रंथी भरली की त्याला लिम्फोमा म्हणतात.

शोग्रेन आणि लिम्फोमाचं हे नातं प्रथम ठळकपणे पुढे आलं १९६४ मध्ये, अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतून. १९७८ मध्ये तिथल्याच १३६ स्त्रियांच्या पाठपुराव्यात लिम्फोमाचा धोका सर्वसाधारण बाईच्या ४४ पट निघाला. हा आकडा इंटरनेटवर तुमच्या वाचनात आला तर दचकू नका. मुळातला धोका फार लहान असतो, त्याची ही पट आहे. शिवाय त्या मोठ्या संस्थेत पोचलेल्या रुग्णांचा आजार मुळातच जास्त होता. पुढच्या अभ्यासांत ही पट बरीच खाली आली. आज ढोबळपणे सांगायचं तर शोग्रेनच्या शंभर रुग्णांत पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी लिम्फोमा होतो. नव्वद किंवा त्याहून अधिक जणांना होत नाही. झालाच तर तो बहुधा माल्ट प्रकारचा असतो, अतिशय हळू वाढणारा. कित्येकदा डॉक्टर नुसतं लक्ष ठेवून राहतात, औषध लगेच सुरूही करत नाहीत.

ऑस्ट्रेलियातले फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५०च्या दशकातच तर्क मांडला होता की शरीरावर उलटणाऱ्या पेशी म्हणजे जगायला नको होता असा एकाच पेशीचा वंश असावा, आणि त्याच्या जनुकांत बदल झालेले असावेत. १९६० मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते प्रतिकारशक्ती 'स्व' कसं सहन करायला शिकते यावरच्या कामासाठी. हा तर्क मात्र तर्कच राहिला. कोट्यवधी पेशींतून नेमका तो वंश वेगळा काढायचा कसा? ते जमलं २०२० मध्ये, त्यांच्याच देशात, सिडनीच्या गार्व्हन संस्थेत. शोग्रेनच्या चार रुग्णांच्या रक्तातून एकेक बी-पेशी वेगळी करून तिची जनुकं वाचली गेली. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर हे प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींचे वंश सापडले, आणि त्यांत लिम्फोमामध्ये दिसणारेच जनुकीय बदल होते. या रुग्णांना तेव्हा लिम्फोमा नव्हता, फक्त ऑटोइम्यून, म्हणजे शरीर स्वतःवर उलटण्याचा, आजार होता. लगाम आधी सुटलेला होता. प्रतिपिंड घातक होण्याची पायरी नंतरची.

मला हा शोध या साऱ्या विषयात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ऑटोइम्यून आजार आणि लिम्फोमा अशी दोन वेगळी खाती आपण मांडतो, दोघांचे डॉक्टरही वेगळे. शोग्रेनमध्ये तो एकच रस्ता आहे, आणि बहुतेक रुग्ण त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यावरच आयुष्यभर राहतात. 'कॅन्सर आहे की नाही' या प्रश्नाइतकाच 'आपण रस्त्यावर कुठे आहोत' हा प्रश्नही म्हणून विचारायला हवा.

ते कळायला काही खुणा आहेत. कानाखालची सूज दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकणं, विशेषतः ती एकीकडेच, टणक आणि वाढती असणं. पायांवर लाल-जांभळे, दाबले तरी न जाणारे बारीक ठिपके उठणं. मानेत, काखेत गाठी, कारण नसलेला ताप, रात्रीचा घाम, घटतं वजन. रक्तात सी-४ नावाचं प्रथिन कमी असणं, आणि क्रायोग्लोब्युलिन सापडणं, म्हणजे थंडीत गोठणारी प्रतिपिंडं. गार्व्हनच्या अभ्यासातल्या वंशांनी बनवलेली प्रतिपिंडं नेमकी हीच होती. सासूबाईंच्या फायलीत सी-४चा रिपोर्ट आहे का पाहा. नसेल तर डॉक्टरांना विचारा. विचारण्यात संकोच नको.

खाण्यापिण्यात काही चुकलं का? नाही. शेवभाजीने, ठेच्याने हा आजार होत नाही. कोणाच्या उष्ट्याने लागत नाही. घरात कोणाला तरी आमवात, थायरॉइडचा किंवा ल्युपससारखा आजार असेल तर मुलींमध्ये कल थोडा जास्त असतो, पण आईला आहे म्हणून मुलीला होईलच असं मुळीच नाही. मुलींच्या बाबतीत एकच गोष्ट लक्षात ठेवा. त्यांना स्वतःला कोरडेपणा किंवा सांध्यांची सूज सुरू झाली आणि रक्तात 'एसएसए' प्रतिपिंड निघालं, तर गरोदरपणाआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना ते सांगावं. शंभरांत एक-दोन बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो आणि आधी माहीत असेल तर नीट लक्ष ठेवता येतं.

जेवणाचं मात्र बघा. तिखट आता त्यांना झोंबणारच. कोरडी भाकरी त्यांच्यासमोर ठेवू नका. कळण्याची असली तरी वरणात, ताकात कुस्करून द्या. फुनके असतील तर भरपूर कढी. लाळ दातांचं रक्षण करते, ती नसली की दात भराभर किडतात, म्हणून फ्लोराइडची पेस्ट आणि सहा महिन्यांनी दंतवैद्य. गोड गोळ्या चघळायला देऊ नका. कूलरचा झोत तोंडावर नको. डोळ्यांचे थेंब दिवसातून अनेकदा लागत असतील तर संरक्षक रसायन नसलेले घ्या. सर्दीच्या, झोप आणणाऱ्या आणि लघवी रोखणाऱ्या काही गोळ्यांनी तोंड आणखी सुकतं, तेव्हा औषध कुठलंही असो, डॉक्टरांना पूर्ण यादी दाखवा. आणि कोणी बिननावाच्या पुड्या दिल्या की दोन दिवसांत सूज उतरते, तेव्हा त्यांत स्टिरॉइड असण्याची दाट शक्यता असते. स्टिरॉइडने लिम्फोमाची सूजही तात्पुरती ओसरते आणि तुकड्यात काही दिसेनासं होतं. बायॉप्सीच्या आधी तर अशी पुडी अजिबात नको.

उपचार काय हे तुम्ही विचारलेलं नाही, पण घरात आशा लागते म्हणून सांगते. बी-पेशींना नेमकं वेचून काढणारं रिटुक्सिमॅब हे औषध १९९७ मध्ये लिम्फोमासाठी आलं आणि पुढे आमवातासाठीही वापरात आलं. २००७ पासून ते भारतातही तयार होतं. त्याच्याही पुढची पायरी कार-टी. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना बी-पेशी ओळखायला शिकवून परत सोडायच्या. आपल्याकडची पहिली अशी उपचारपद्धती, नेक्सकार१९, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या प्रयत्नांतून उभी राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली, बी-पेशींच्या कॅन्सरसाठी. त्याच तत्त्वावर जर्मनीतल्या एर्लांगन इथे २०२१ मध्ये तीव्र ल्युपस असलेल्या एका तरुणीवर उपचार झाले आणि २०२२ मध्ये पाच रुग्णांचे निष्कर्ष आले. बी-पेशी पार नाहीशा झाल्या, काही महिन्यांनी नव्या आल्या, पण आजार परतला नाही. सासूबाईंना आज यातलं काही लागेल असं नाही. पण कॅन्सरसाठी घडवलेलं तंत्र ऑटोइम्यून आजारावर लागू पडतं, ते रस्ता एक आहे म्हणूनच.

आता बायॉप्सीविषयी नेमकं. सुईने नुसता थेंब ओढून केलेली तपासणी अशा सुजेत पुष्कळदा अपुरी पडते. जाड सुईने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने पुरेसा तुकडा घेणार का, हे आधी विचारा. रिपोर्टमध्ये पेशी 'पॉलिक्लोनल' असतील तर त्या अनेक वंशांच्या आहेत, म्हणजे वाढ आहे पण लगाम शाबूत आहे. 'मोनोक्लोनल' लिहिलं असेल तर सगळ्या एकाच पेशीच्या वंशातल्या, आणि तेव्हा रक्तविकारतज्ज्ञांना भेटायचं. त्यासाठी 'इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री' नावाची जास्तीची तपासणी लागते, ती सांगितली तर टाळू नका. तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात बसवतात त्याला ब्लॉक म्हणतात. तो ब्लॉक आणि काचपट्ट्या लॅबकडून मागून घेऊन घरी जपून ठेवा, उन्हात नको. पुढे मुंबई-पुण्याला दुसरं मत घ्यायची वेळ आली तर ब्लॉक हातात असल्याने बहुतेक वेळा नव्याने तुकडा काढावा लागत नाही.